शाब्दिक उदाहरणापासून दोन समीकरणांपर्यंत : दहावीच्या बीजगणितासाठी मार्गदर्शक

दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडवण्याची रीत बहुतेकांना लवकर येते. अडते ते शाब्दिक उदाहरणापाशी. समीकरणे आयती दिली की जो विद्यार्थी चार ओळींत दोन्ही किमती काढून देतो, तोच मोंढ्यातील (शेतमालाच्या बाजारातील) सोयाबीनचे किंवा एसटीच्या तिकिटांचे उदाहरण आले की पेन खाली ठेवतो. शाळा सुटून बराच काळ लोटल्यावर १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) अर्ज भरून मी दहावीला बसले होते आणि आता संध्याकाळी वस्तीवरील मुलांचा अभ्यास घेते. या दोन्ही अनुभवांतून माझे ठाम मत झाले आहे की अशा उदाहरणात निम्म्याहून अधिक वेळ पहिले समीकरण लिहिण्यापूर्वी खर्च झाला पाहिजे. हा लेख लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळातून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, बाहेरून बसणाऱ्या प्रौढांसाठी आणि मुलांना घरी शिकवू पाहणाऱ्या पालकांसाठी आहे. पाठ्यपुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरे असतात. येथे जुन्या पुस्तकांप्रमाणे क्ष आणि य वापरले आहेत. त्याने गणितात काहीही फरक पडत नाही.

सुरुवातीपूर्वी काय हवे

गणित भाग १ चे पाठ्यपुस्तक, एक कच्ची वही, पेन्सिल, पट्टी आणि आलेखासाठी थोडे आलेख कागद एवढे साहित्य पुरते. गणकयंत्र परीक्षेत चालत नाही, म्हणून सरावातही ते दूर ठेवावे. त्याहून महत्त्वाची आहे मागील इयत्तांची तयारी: कंस सोडवणे, बाहेर वजा चिन्ह असलेला कंस उघडताना आतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलणे, आणि छेद काढण्यासाठी लसावि घेणे. यांपैकी काही कच्चे असेल तर आधी दोन दिवस त्यालाच द्यावेत. कारण उदाहरण बरोबर समजूनही उत्तर चुकते ते बहुतेक वेळा याच ठिकाणी.

१. शेवटचे वाक्य आधी वाचा

पुढील उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने मोंढ्यात ५ क्विंटल सोयाबीन आणि ३ क्विंटल तूर विकली, तेव्हा त्याला ४३,५०० रुपये मिळाले. त्याच दिवशी त्याच भावाने दुसऱ्या शेतकऱ्याने ४ क्विंटल सोयाबीन आणि ६ क्विंटल तूर विकली, तेव्हा त्याला ६०,००० रुपये मिळाले. तर सोयाबीन आणि तूर यांचा प्रतिक्विंटल भाव काढा. (येथील भाव हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून घेतलेले आहेत, आजच्या बाजाराशी त्यांची तुलना करू नये.)

विचारलेली गोष्ट नेहमी शेवटच्या वाक्यात असते, म्हणून पहिल्यांदा तेच वाचावे आणि त्याखाली रेघ ओढावी. येथे भाव विचारला आहे. वजन नाही, एकूण रक्कम नाही. त्यानंतर संपूर्ण उदाहरण सावकाश वाचून वहीत दोन रकाने करावेत: काय दिले आहे आणि काय काढायचे आहे. या वाचनात एक बारीक शब्दप्रयोग हमखास निसटतो, तो म्हणजे ‘त्याच भावाने’. हे दोन शब्द नसते तर पहिल्या शेतकऱ्याचे दोन भाव आणि दुसऱ्याचे दोन भाव अशा चार अज्ञात राशी झाल्या असत्या आणि दोन समीकरणांवर उदाहरण सुटले नसते. ‘त्याच दराने’, ‘तेवढ्याच वेळात’, ‘एकसमान वेगाने’ असे शब्द दिसले की त्यांच्याभोवती गोल करावा. दोन समीकरणांत तीच दोन चले वापरण्याची परवानगी तेच देत असतात.

२. चले पूर्ण वाक्यात आणि एककासह माना

‘सोयाबीन = क्ष, तूर = य’ असे लिहिणे हा सर्वांत मोठा सापळा आहे. असे लिहिणारा विद्यार्थी ५क्ष याचा अर्थ ‘पाच क्विंटल सोयाबीन’ असा घेतो, आणि मग पाच क्विंटल सोयाबीन व तीन क्विंटल तूर यांची बेरीज ४३,५०० कशी झाली, याचे उत्तर त्याच्याकडे नसते. योग्य लेखन असे: ‘सोयाबीनचा एका क्विंटलचा भाव क्ष रुपये आणि तुरीचा एका क्विंटलचा भाव य रुपये मानू.’ चल ही नेहमी एक संख्या असते; ती भाव असेल, वय असेल, वेग असेल किंवा नग असतील, पण वस्तू कधीच नसते.

एककांची जुळणीही याच पायरीवर करून घ्यावी. भाव क्विंटलचा आणि माल किलोत दिला असेल, वेग ताशी आणि वेळ मिनिटांत दिला असेल, तर समीकरण लिहिण्याआधी सर्व काही एकाच एककात आणावे. ऊसतोडीवरील उदाहरणात ‘८ कोयते’ असे आले आणि पुढे मजुरांची संख्या विचारली, तर एक कोयता म्हणजे दोन माणसांची जोडी हे ध्यानात ठेवून १६ माणसे धरावीत.

३. प्रत्येक अटीचे एक समीकरण लिहा

दोन अज्ञात राशी असतील तर दोन स्वतंत्र अटी लागतात. मोंढ्याच्या उदाहरणात त्या सरळ आहेत:

पहिल्या अटीनुसार, ५क्ष + ३य = ४३,५०० … (१)
दुसऱ्या अटीनुसार, ४क्ष + ६य = ६०,००० … (२)

‘पहिल्या अटीनुसार’ हे शब्द वगळू नयेत. तपासणाऱ्याला ते हवे असतातच, पण त्याहून अधिक ते लिहिणाऱ्याला उपयोगी पडतात. कोणते समीकरण कोणत्या वाक्यातून आले हे दिसत राहिले की चूक शोधणे सोपे जाते.

सगळी वाक्ये इतकी सरळ नसतात. ‘तुरीचा भाव सोयाबीनच्या भावाच्या दुपटीपेक्षा २,००० रुपयांनी कमी आहे’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘आहे’ शेवटी येते, म्हणून बरोबरीचे चिन्हही शेवटी कुठेतरी येणार असे वाटते; प्रत्यक्षात ते ‘तुरीचा भाव’ या पहिल्या शब्दांनंतर लगेच येते आणि उरलेले सारे वाक्य उजव्या बाजूला जाते: य = २क्ष − २,०००. येथे दुपटीचा २ नेमका कोणाला लावायचा, यावर बहुतेकांची गाडी घसरते. ज्याच्या नावाला ‘च्या दुपटीपेक्षा’ चिकटले आहे, त्यालाच २ ने गुणायचे. शंका असेल तर मनात सोप्या संख्या घ्याव्यात: सोयाबीन ३,००० असेल तर वाक्याप्रमाणे तूर ४,००० असली पाहिजे, तुमचे समीकरण तेच सांगते का, ते पाहावे.

‘पट’ आणि ‘ने’ यांतील फरकही पक्का करावा. तिप्पट म्हणजे ३ ने गुणणे, तिनाने जास्त म्हणजे ३ मिळवणे. सव्वापट म्हणजे ५/४, दीडपट म्हणजे ३/२, अडीचपट म्हणजे ५/२ आणि पाऊणपट म्हणजे ३/४. हे अपूर्णांक समीकरणात तसेच ठेवू नयेत. दोन्ही बाजूंना छेदाने गुणून पूर्णांक सहगुणक करून घ्यावेत.

काही उदाहरणांत एक अट उघड असते आणि दुसरी रकमेच्या आड लपलेली असते. एसटीच्या एका फेरीत वाहकाने पूर्ण आणि अर्धी मिळून ५२ तिकिटे दिली; पूर्ण तिकीट ९० रुपयांचे, अर्धे ४५ रुपयांचे आणि एकूण रक्कम ३,९१५ रुपये झाली, तर प्रत्येक प्रकारची तिकिटे किती? येथे एक समीकरण नगांचे आणि दुसरे पैशांचे होते. पूर्ण तिकिटे क्ष आणि अर्धी तिकिटे य मानली तर क्ष + य = ५२ आणि ९०क्ष + ४५य = ३,९१५. दुसऱ्या समीकरणाला ४५ ने भागले की २क्ष + य = ८७ उरते; त्यातून पहिले वजा केले की क्ष = ३५ आणि म्हणून य = १७. भागायला विसरणारे विद्यार्थी मोठ्या गुणाकारांत अडकतात, म्हणून समीकरण लिहिल्याबरोबर सर्व पदांना एखाद्या संख्येने भाग जातो का, ते आधी पाहावे.

अर्ध्या तिकिटांची संख्या निघाली म्हणजे तेवढी मुले बसमध्ये होती, असा निष्कर्ष मात्र काढू नये. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांनाही निम्म्या भाड्यात प्रवास आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य आहे. उदाहरणात ‘५२ तिकिटे’ याऐवजी ‘५२ प्रवासी’ असे असते आणि त्यांत विनामूल्य प्रवास करणारेही असते, तर तिसरी अज्ञात राशी निर्माण झाली असती. उदाहरणात जेवढे लिहिले आहे तेवढेच धरावे.

४. सोडवण्याची पद्धत उदाहरण पाहून निवडा

चाचणीत पद्धत सांगितलेली नसेल तर माझी पहिली पसंती एका चलाचा लोप करण्याला आहे. मोंढ्याच्या उदाहरणात समीकरण (१) ला २ ने गुणले की १०क्ष + ६य = ८७,००० मिळते. त्यातून समीकरण (२) वजा केले की ६क्ष = २७,०००, म्हणून क्ष = ४,५००. ही किंमत (१) मध्ये ठेवली की २२,५०० + ३य = ४३,५००, म्हणजे ३य = २१,००० आणि य = ७,०००. वजाबाकी करताना खालच्या समीकरणातील तिन्ही पदांची चिन्हे बदलायची असतात. उजव्या बाजूचे चिन्ह बदलायचे राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

एखादे समीकरण आधीच य = २क्ष − २,००० अशा रूपात असेल तर लोपाच्या मागे न लागता ती किंमत दुसऱ्या समीकरणात थेट ठेवावी. आलेख पद्धत समजून घेण्यासाठी उत्तम आहे, कारण दोन रेषा छेदतात तो बिंदू म्हणजेच उकल हे डोळ्यांना दिसते. परंतु हजारांतील रकमांसाठी प्रमाण निवडण्यातच वेळ जातो, म्हणून प्रश्नात आलेखच मागितला नसेल तर शाब्दिक उदाहरणात ती टाळावी.

राहिली क्रेमरची पद्धत. स्वित्झर्लंडचे गणिती गॅब्रिएल क्रेमर (१७०४–१७५२) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत निर्धारक, म्हणजे चौकटीत मांडलेल्या चार संख्यांच्या दोन तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, वापरले जातात. आपल्या उदाहरणात सहगुणकांचा निर्धारक ५ × ६ − ३ × ४ = १८ आहे. क्ष च्या स्तंभाच्या जागी स्थिर पदे ठेवली की ४३,५०० × ६ − ३ × ६०,००० = ८१,०००, आणि य च्या स्तंभाच्या जागी ठेवली की ५ × ६०,००० − ४३,५०० × ४ = १,२६,०००. दोन्हींना १८ ने भागले की ४,५०० आणि ७,००० हीच उत्तरे मिळतात. सहगुणक मोठे आणि विचित्र असतील तेव्हा ही पद्धत सोयीची आहे. मात्र दोन्ही समीकरणांत क्ष आधी, य नंतर आणि स्थिर पद उजवीकडे अशी मांडणी केल्याशिवाय निर्धारक लिहायला घेऊ नये.

५. ताळा समीकरणात नव्हे, उदाहरणाच्या वाक्यात करा

मिळालेल्या किमती समीकरणांत ठेवून दोन्ही बाजू समान आल्या की विद्यार्थी निर्धास्त होतात. परंतु समीकरणच चुकीचे लिहिले असेल तर चुकीची उकलही त्यात बिनचूक बसते. म्हणून ताळा मूळ वाक्यांवर करावा: ५ क्विंटल सोयाबीनचे २२,५००, ३ क्विंटल तुरीचे २१,०००, मिळून ४३,५००, दुसऱ्याच्या ४ क्विंटल सोयाबीनचे १८,०००, ६ क्विंटल तुरीचे ४२,०००, मिळून ६०,०००. त्यासोबत उत्तर शक्य कोटीतील आहे का, तेही पाहावे. तिकिटांची संख्या अपूर्णांकात आली, वय ऋण आले किंवा मुलगी आईपेक्षा मोठी निघाली, तर आकडेमोड पुन्हा करण्याऐवजी तिसऱ्या पायरीवर परत जावे.

शेवटी उत्तर एककासह वाक्यात लिहावे. ‘क्ष = ४,५००’ एवढ्यावर थांबलेल्या उत्तराने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलेले नसते.

६. चले नाहीशी झाली तर घाबरू नका

कधी कधी लोप करताना दोन्ही चले एकदमच जातात. समजा, दुसऱ्या शेतकऱ्याने १० क्विंटल सोयाबीन आणि ६ क्विंटल तूर विकून ८७,००० रुपये मिळवले असते. ही पहिल्या अटीचीच दुप्पट आहे. वाक्य नवे असले तरी माहिती नवी नाही. अशा वेळी ० = ० उरते आणि उकली अनंत असतात. त्याला ९०,००० रुपये मिळाले असते तर ० = ३,००० सारखे अशक्य विधान उरले असते, म्हणजे दोघांना एकच भाव मिळालेला नव्हता. दोन्ही बाबतींत सहगुणकांचा निर्धारक शून्य येतो. परीक्षेतील उदाहरणात असे घडले तर बहुधा एकच अट दोनदा लिहिली गेलेली असते.

७. नेहमी येणारे तीन प्रकार

वयाचे उदाहरण : पाच वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट होते, पाच वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या दुपटीपेक्षा ६ ने अधिक असेल. आईचे आजचे वय क्ष वर्षे आणि मुलीचे य वर्षे मानू. चले नेहमी आजच्या वयासाठी मानावीत आणि काळ मागेपुढे नेताना दोघींचीही वये बदलावीत. क्ष − ५ = ४(य − ५), म्हणजे क्ष − ४य = −१५; आणि क्ष + ५ = २(य + ५) + ६, म्हणजे क्ष − २य = ११. दुसऱ्यातून पहिले वजा केल्यावर २य = २६; मुलगी १३ वर्षांची आणि आई ३७ वर्षांची. कंस न घालता ४य − ५ लिहिणारे सर्वाधिक विद्यार्थी याच प्रकारात सापडतात.

अंकांचे उदाहरण : दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे; अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. दशकस्थानचा अंक क्ष आणि एककस्थानचा य असेल तर संख्या १०क्ष + य होते. ती ‘क्षय’ अशी शेजारी-शेजारी लिहिल्यास तो गुणाकार ठरतो. (१०य + क्ष) = (१०क्ष + य) + २७ यावरून य − क्ष = ३, आणि क्ष + य = ११ सोबत क्ष = ४, य = ७. विचारलेली संख्या ४७ आहे.

प्रवाहाचे उदाहरण : गोदावरीत एक नाव प्रवाहाविरुद्ध १२ किमी आणि प्रवाहाच्या दिशेने १६ किमी एकूण ४ तासांत जाते, तसेच प्रवाहाविरुद्ध १८ किमी आणि प्रवाहाच्या दिशेने ८ किमी जाण्यासही तिला ४ तासच लागतात. संथ पाण्यात नावेचा वेग ताशी क्ष किमी आणि प्रवाहाचा वेग ताशी य किमी मानला तर प्रवाहाविरुद्धचा वेग क्ष − य आणि दिशेने जातानाचा वेग क्ष + य होतो. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून चले छेदात जातात आणि समीकरण रेषीय राहत नाही. येथे १/(क्ष − य) = म आणि १/(क्ष + य) = न मानावे; मग १२म + १६न = ४ आणि १८म + ८न = ४ अशी ओळखीची समीकरणे मिळतात. दुसऱ्याला २ ने गुणून पहिले वजा केले की २४म = ४, म = १/६, आणि त्यावरून न = १/८. येथे थांबू नये: क्ष − य = ६ आणि क्ष + य = ८ अशी आणखी एक जोडी सोडवून क्ष = ७ आणि य = १ मिळते. म आणि न यांनाच वेग समजून पुढे जाणारे बरेच असतात.

८. सरावासाठी एक जुने उदाहरण

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या बीजगणित भागात एक उदाहरण आहे. एक जण मित्राला म्हणतो, ‘मला शंभर दे, म्हणजे माझे धन तुझ्या दुप्पट होईल.’ दुसरा म्हणतो, ‘तूच मला दहा दे, म्हणजे माझे धन तुझ्या सहापट होईल.’ तर प्रत्येकाजवळ धन किती?

पहिल्याचे धन क्ष आणि दुसऱ्याचे य मानून पाहा. देणाऱ्याचे कमी होते आणि घेणाऱ्याचे वाढते, हे दोन्ही बाजूंना लिहिले पाहिजे: क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०). सरळ रूपात ती क्ष − २य = −३०० आणि ६क्ष − य = ७० अशी होतात; पुढची वाट वर सांगितल्याप्रमाणेच आहे.

भास्कराचार्यांची युक्ती मात्र निराळी आहे. त्यांनी पहिल्याचे धन २क्ष − १०० आणि दुसऱ्याचे क्ष + १०० अशा रूपात एकाच अज्ञात राशीत मानले. शंभर दिल्यावर पहिल्याजवळ २क्ष आणि दुसऱ्याजवळ क्ष उरतात, म्हणजे पहिली अट मानण्यातच पूर्ण होते. दुसऱ्या अटीवरून क्ष + ११० = ६(२क्ष − ११०), म्हणून ११क्ष = ७७० आणि क्ष = ७०. पहिल्याजवळ ४० आणि दुसऱ्याजवळ १७०. ताळा: शंभर घेतल्यावर १४० आणि ७०, म्हणजे दुप्पट, दहा दिल्यावर ३० आणि १८०, म्हणजे सहापट.